ट्रंकेतले फोटो, स्कॅनर आणि आईच्या कपाळावरचं गोंदण

गुहागरकडच्या एका ताईंना आजोळच्या घरात पत्र्याची ट्रंक सापडली आहे. आत तीनेकशे फोटो, थोड्या निगेटिव्ह, चिकट पानांचा एक अल्बम आणि काचेला चिकटून बसलेली आजोबांची फ्रेम. घरात स्कॅनरवाला प्रिंटर आहे, लॅपटॉप आहे. स्कॅनिंग आणि एडिटिंग शिकायला सुरुवात कुठून करावी, डीपीआय किती ठेवावा, सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं आणि बुरशी आलेल्या फोटोंचं काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, नमस्कार. चिपळुणात माझा स्टुडिओ आहे. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली, हायपो नावाच्या रसायनाच्या वासात काम शिकलो आणि आता वीसेक वर्षं जुन्या फोटोंचंच काम जास्त करतो. बुरशीचं तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत, मी तेच आधी घेतो. सॉफ्टवेअर दोन महिन्यांनी शिकलात तरी काही बिघडत नाही. ट्रंक मात्र मृगाच्या पावसात तशीच बंद राहिली, तर दिवाळीला उघडाल तेव्हा त्यातले दहा-वीस फोटो हातचे गेलेले असतील. आगोटीची कामं उरकता ना, त्यातच हे एक धरा.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि चित्र त्या थरात असतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत चांदीच्या बारीक कणांचं, रंगीत फोटोत रंगद्रव्यांचं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. बुरशीला ते आयतं खाणं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तिला आणखी काही लागत नाही. आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, हे पक्कं लक्षात ठेवा. एका गृहस्थांनी वडिलांच्या फोटोवरचा पांढरा बुरा ओल्या रुमालाने पुसला. बुरा गेला, आणि त्याबरोबर डावा डोळा आणि अर्धा गालही रुमालावर आला. माझ्याकडे येताना त्यांनी तो रुमालसुद्धा घडी घालून आणला होता. त्यातून परत काही जोडता येत नाही.

तेव्हा पाणी नको, काच पुसायचं लिक्विड नको, स्पिरिट नको. फोटो एकेक सुटे करा आणि घरातच पंख्याखाली, धुतलेल्या सुती कापडावर, चित्राची बाजू वर करून पसरा. खाली वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई लागते. खळ्यात आंबोशी घालतो तसे कडक उन्हातही नकोत. कागद वळतो आणि थराला तडे जातात. दोन-तीन दिवसांत बुरशी वाळून तिची भुकटी होते. मग बाहेर पडवीत जाऊन, नाकाला फडकं बांधून, मऊ रुंद ब्रशने मधून कडेकडे अलगद झटका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा बारीक तुषार उडतो आणि त्याचे डाग पडतात. कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर स्वस्तात मिळतो. एवढं करून जे डाग राहतील ते राहू द्या. ते स्क्रीनवर काढता येतात, फोटोवर नाही.

चिकट अल्बम म्हणजे वर प्लास्टिकचा कागद आणि खाली पुठ्ठ्यावर गोंदाच्या रेघा, तोच ना? तो गोंद पिवळा पडतो आणि फोटोच्या पाठीला धरून बसतो. यावर कोकणात प्रत्येक घरात उपाय आहे: तंगूस. गळाला लावतात ती नायलॉनची दोरी, जितकी बारीक मिळेल तितकी. हातभर तुकडा तोडून दोन्ही टोकं बोटांना गुंडाळा, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखी पुढे-मागे करत हळूहळू खाली उतरा. फोटो वर उचलायचा नाही. तंगूस फोटोपेक्षा पानाच्या अंगाला दाबून धरायची, म्हणजे फाटलाच तर पुठ्ठ्याचा कागद फाटेल. एका फोटोला पाच मिनिटं लागली तरी चालतील. एखादा हटून बसला तर सोडून द्या, प्लास्टिक मागे करून पानासकट स्कॅन करा.

आजोबांच्या फ्रेमचं मात्र वेगळं. भिंतीच्या ओलीने फोटोचा थर काचेलाच चिकटला आहे. तो ओढून सोडवायचा प्रयत्न कृपा करून करू नका, चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात येईल. मागचे खिळे काढा, पुठ्ठा काढा, आणि काच-फोटो एकत्रच ठेवा. हे स्कॅनरवर नीट येत नाही, कारण मध्ये काचेची जाडी येते. त्याचा फोटो काढायचा. सकाळी ओटीवर, ऊन अंगावर येत नाही अशा जागी काच उभी करा. मोबाइल काचेला अगदी समांतर धरा, फ्लॅश बंद. तुमच्या आणि काचेच्या मध्ये कुणाला तरी काळी चादर धरायला सांगा आणि चादरीला भोक पाडून किंवा तिच्या कडेतून मोबाइलची फक्त लेन्स बाहेर काढा, म्हणजे काचेत तुमचं आणि अंगणातल्या माडांचं प्रतिबिंब पडणार नाही. जिथे थर चिकटला आहे तिथे चित्र गडद आणि चकचकीत दिसेल, जिथे सुटला आहे तिथे फिकट. ही चकती-चकतीची नक्षी नंतर एडिटिंगमध्ये बरीच जुळवता येते.

ओल्या फोटोंबद्दल एक सांगून ठेवतो, देव करो आणि तुम्हाला कधी लागू नये. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर कित्येक महिने लोक माझ्याकडे अल्बम घेऊन येत होते. ज्यांनी ते चिखलासकट बंदच वाळू दिले, त्यांच्या अल्बमची वीट झाली होती. ज्यांनी ते बादलीत स्वच्छ पाण्यात ठेवून लगेच आणले, त्यांचे बरेचसे फोटो एकमेकांपासून सुटले. भिजलेले फोटो वाळायच्या आत सुटे करायचे, साध्या गार पाण्यात हलकेच विसळायचे आणि चित्र वर करून पसरायचे. हे काम दोन दिवसांत होणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून थेट डीप फ्रीझरमध्ये. मासळीवाल्याचा फ्रीझरसुद्धा चालतो. मग सवडीने थोडे थोडे काढता येतात. पाण्याचं मघाशी सांगितलं ते बुरशी आलेल्या कोरड्या फोटोंचं. पुराच्या ताज्या चिखलाचं हे वेगळं.

आता तुमचा स्कॅनर. प्रिंटरला जोडून जे स्कॅनर येतात ते बहुतेक सीआयएस जातीचे. त्यात सेन्सर काचेच्या अगदी खाली असतो आणि त्याला काचेला टेकलेलं तेवढंच स्पष्ट दिसतं. दोन मिलिमीटर वर उचललेलं अंधूक येतं. जुन्या जाड सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि लेन्स असतात, ते थोडं उंचावरचंही टिपतात. म्हणजे तुमच्या यंत्रावर सपाट फोटो उत्तम येतील, वळलेले येणार नाहीत. वळलेले फोटो दोन स्वच्छ कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर दोन-चार जाड पुस्तकं ठेवा, आठवडाभरात बसतात. इस्त्री फिरवू नका. नवा स्कॅनर विकत घ्यायची घाई नको. आहे त्यावर शंभर फोटो करा, मग तुम्हालाच कळेल काय कमी पडतंय.

समुद्राजवळच्या घरात स्कॅनरच्या काचेवर खारट, चिकट पापुद्रा येतो. दिसत नाही, पण स्कॅनमध्ये सगळं दुधाळ येतं. फडकं किंचित ओलं करून पुसा, मग कोरड्याने. पाणी थेट काचेवर टाकू नका, कडेने आत जातं. मी दर दहा फोटोंनंतर काच तिरप्या उजेडात बघतो. हे दहा सेकंदांचं काम आहे आणि त्याने पुढची दोन तासांची डाग काढायची मेहनत वाचते. काचेवरचा एक कण प्रत्येक फोटोत त्याच जागी उमटतो, तीनशे फोटोंत तीनशे वेळा.

डीपीआय म्हणजे एका इंचात यंत्र किती ठिपके मोजतं. ४ × ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयने स्कॅन केला तर १२०० × १८०० ठिपके मिळतात आणि तेवढ्याच आकाराचा चांगला प्रिंट निघतो. ६०० ने केला तर २४०० × ३६००, म्हणजे ८६ लाखांच्या वर ठिपके. तोच फोटो मग ८ × १२ इंचांपर्यंत मोठा करता येतो. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर फाइल साधारण २६ एमबीची होते. तीनशे फोटोंचे आठ जीबीसुद्धा भरत नाहीत. तेव्हा घरच्या फोटोंना सरसकट ६०० ठेवा आणि विचार करू नका. अपवाद छोट्या फोटोंचा. कित्येक घरांत पणजोबांचा एकुलता एक फोटो म्हणजे कुठल्यातरी कार्डावरचा पासपोर्ट साइझचा असतो. तो ३५ × ४५ मिलिमीटरचा फोटो ३०० ने केला तर ४१३ × ५३१ ठिपके, त्यात भिंतीवर लावण्यासारखं काही होत नाही. त्याला १२०० द्या. त्याहून वर जाऊन फायदा नाही, कारण कागदावरच्या प्रिंटमध्ये तितका तपशील मुळात नसतो. खोक्यावर छापलेले प्रचंड आकडे इंटरपोलेशनचे असतात, म्हणजे यंत्राने मधले ठिपके अंदाजाने भरलेले. बघायचा तो ऑप्टिकल आकडा.

संगणकावर स्कॅन झालेलं पहिलं चित्र कोणतं, माहीत आहे? १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल कर्श नावाच्या अभियंत्याने स्वतःच्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्राला वाचायला दिला. १७६ × १७६ ठिपके, एवढंच. घरचाच फोटो. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगितली.

स्कॅनच्या खिडकीत जे जे आपोआप आहे ते बंद करा: ऑटो एन्हान्स, शार्पनिंग, धूळ काढणे, रंग ताजे करणे. यंत्राला फोटोतला माणूस ओळखता येत नाही, त्याला सरासरी तेवढी कळते. लग्नातला धूसर होमाचा धूर ते ‘सुधारून’ टाकतं. आणि काळे-पांढरे फोटोसुद्धा ‘कलर’मध्येच स्कॅन करा. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ निवडलंत तर काही यंत्रं मधले सगळे करडे रंग खाऊन फक्त काळं आणि पांढरं ठेवतात. ते कागदपत्रांच्या झेरॉक्ससाठी असतं. कलरचा खरा फायदा पुढे आहे. रंगीत फाइल म्हणजे लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चित्रांची चळत असते, त्यांना चॅनल म्हणतात. ओलीचे तपकिरी-पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये काळेकुट्ट दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात. काळा-पांढरा फोटो असेल तर नुसता लाल चॅनल उचलायचा, निम्मं काम तिथेच संपतं. उलट कुणी फोटोवर निळ्या शाईने नाव लिहिलं असेल तर ते निळ्या चॅनलमध्ये फिकं होतं. करड्यात स्कॅन केलंत की ही वाट कायमची बंद.

स्कॅन करताना फोटोच्या चारी बाजूंना थोडी जागा सोडा, कडा कापू नका. कातरलेल्या नक्षीदार कडा त्या काळाच्या आहेत. फोटोची पाठही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, ‘चि. बाळास सप्रेम भेट’ हे सगळं पाठीवरच असतं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘सिल्क’ नावाचा दाणेदार कागद चालायचा, त्यावर स्कॅनरचा दिवा तिरपा पडून सगळीकडे बारीक जाळी दिसते. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे १८० अंश फिरवून स्कॅन करा. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकावर एक बसवून वरच्याची पारदर्शकता निम्मी ठेवा. सावल्या विरुद्ध बाजूंना पडलेल्या असतात, त्या एकमेकींना पुष्कळ खोडतात.

सॉफ्टवेअरचं मी फार बोलणार नाही. गिंप फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. फोटोशॉप १९९० पासून आहे आणि चांगलंच आहे, पण त्याचे पैसे भरत राहावे लागतात. घरच्या तीनशे फोटोंसाठी गरज नाही. मोबाइलवर किरकोळ डाग काढायला स्नॅपसीड बरं. लेव्हल्स (उजेड आणि रंग जुळवायला), हील (डाग भरायला), क्रॉप (कडा कापायला) आणि लेअर (चित्राचे एकावर एक थर) ही चार हत्यारं गिंप आणि फोटोशॉप दोन्हींत असतात. ती हातात बसली की बाकीचं आपोआप येतं.

हत्यारांच्या आधी एक अनुभव सांगतो, मला तो अजून सलतो. काम नवीन होतं. एक बाई आईचा फोटो घेऊन आल्या, नऊवारीतला, फोटोवर बारीक ठिपके पुष्कळ. मी धूळ काढायचं फिल्टर जोरात लावलं आणि चेहरा अगदी स्वच्छ, गुळगुळीत करून दिला. त्यांनी तो हातात घेतला, खूप वेळ बघितला आणि म्हणाल्या, “आईचं गोंदण कुठं गेलं?” कपाळावरचा ठिपका आणि हनुवटीवरचे तीन बारीक ठिपके फिल्टरने धूळ समजून पुसले होते. मी म्हटलं, मूळ स्कॅनवरून परत करून देतो. पण मूळ स्कॅन नव्हता, त्याच फाइलवर सेव्ह करत गेलो होतो. त्या बाईंना मला फोटो परत मागावा लागला. दुसऱ्या दिवशी एसटीने पुन्हा आल्या.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो. स्कॅन झाला की ती फाइल टिफ स्वरूपात, म्हणजे चित्रातली माहिती टाकून न देणाऱ्या स्वरूपात, ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये जाते आणि तिला परत हात लावत नाही. काम करायचं ते तिच्या नकलेवर. आणि चेहऱ्याला हात लावायच्या आधी घरच्यांना विचारतो. हा तीळ की डाग? हा व्रण होता का? नाकात मुरणी होती की हा नुसता चमकता कण आहे? तुमच्याकडे विचारायला माणसं असतील तोवर विचारून घ्या.

आता एक रंगीत फोटो हातात घेऊ. १९८० च्या सुमाराचं लग्न, सगळा फोटो लालसर झालेला. त्या काळच्या रंगीत कागदातलं निळसर-हिरवं रंगद्रव्य, ज्याला सायन म्हणतात, ते अंधारात ट्रंकेत ठेवूनसुद्धा उडतं. त्याचं काम लाल उजेड अडवणं. ते गेलं की सगळीकडून लाल उसळतो. गिंपमध्ये रंगांच्या मेनूत ‘लेव्हल्स’ उघडा. डोंगरासारखा आलेख दिसेल. डावं टोक ० म्हणजे काळं, उजवं २५५ म्हणजे पांढरं. वर चॅनल निवडायची जागा आहे, तिथे लाल निवडा. डोंगर सगळा उजवीकडे सरकलेला दिसेल, डावीकडे मोकळं मैदान. म्हणजे या फोटोत लालचा अंधारच उरलेला नाही. डावीकडचा काळा त्रिकोण धरून डोंगराच्या पायथ्यापर्यंत आणा. तेवढ्यात फोटोतल्या सावल्या लालाकडून निळसर-काळ्याकडे येतील. मग हिरव्या आणि निळ्या चॅनललाही दोन्ही टोकांचे त्रिकोण पायथ्याला आणून टेकवा. मधला करडा त्रिकोण अगदी शेवटी, केसभर हलवायचा.

बरोबर आलं की नाही, हे आलेखावरून ठरवू नका. फोटोत ज्याचा रंग तुम्हाला ठाऊक आहे अशी गोष्ट शोधा. नवरीचे केस काळे दिसतात का? मुंडावळ्यांचे मोती, भटजींचं धोतर पांढरं दिसतं का? मग कातडीकडे बघा. आपली माणसं सावळी आहेत, त्यांना उजळ करायच्या नादात गुलाबी करू नका. नव्या शिकणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक, आणि गिऱ्हाईकही ती मागून घेतं. मी नाही म्हणतो. आणखी एक: ज्या फोटोत खरंच पांढरं काही नाही, उदाहरणार्थ संध्याकाळचं बंदर किंवा दशावताराच्या रात्रीच्या खेळातला गॅसबत्तीचा उजेड, तिथे ही पद्धत रंग बिघडवते. असे फोटो नुसते डोळ्यांनी जुळवायचे. आणि काम दिवसा करा, स्क्रीनची चमक मध्यम ठेवून. रात्री पिवळ्या बल्बखाली केलेला फोटो सकाळी वेगळ्याच रंगाचा दिसतो.

डाग काढायला हील. ब्रश डागाहून जेमतेम मोठा ठेवा, चित्र १०० टक्क्यांवर आणा, शेजारची स्वच्छ जागा निवडा आणि एकेक टिपका द्या, फरफटत नेऊ नका. सुरुवात आकाश, भिंत, जमीन यांवरून करा, हात बसला की कपडे, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. घडीच्या मोठ्या भेगेसाठी क्लोन, म्हणजे शेजारचा तुकडा जसाच्या तसा उतरवणारा ब्रश, आणि तोही वेगळ्या लेअरवर, म्हणजे पटलं नाही तर लेअर काढून टाकता येतो. फिल्मचे दाणे काढायला जाऊ नका, ते फोटोचं अंग आहे. शार्पन करायचं तर अगदी शेवटी आणि थोडं.

चेहरा आपोआप ‘स्पष्ट’ करणारी एआय अ‍ॅप्स हल्ली सगळे वापरतात. त्याबद्दल माझं मत कडक आहे. शाळेच्या ग्रुप फोटोत जो चेहरा तीन मिलिमीटरचा आहे, त्यात डोळ्याची पापणी कधी नव्हतीच. ते अ‍ॅप पापणी शोधून काढत नाही, हजारो परक्या चेहऱ्यांवरून एक नवी बनवतं. दिसायला सुंदर होतं, पण तो तुमचा मामा नसतो. दहा वर्षांनी नातवंडांना तोच मामा वाटेल, हे मला फार वाईट वाटतं. करायचंच असेल तर वेगळ्या नावाने ठेवा, नावातच ‘एआय’ लिहा, आणि मूळच्या फोल्डरमध्ये कधीही घालू नका.

वाटायच्या प्रती जेपेगमध्ये, क्वालिटी ९० च्या वर ठेवून. जेपेग फाइल लहान करण्यासाठी थोडी माहिती टाकून देतं, आणि बदल करून परत सेव्ह केलंत की पुन्हा टाकतं. म्हणून कामाची फाइल जेपेग नसावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो आणखी दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग गाव आणि माणसं. वर्ष नक्की नसेल तर दशक. ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे, असल्या नावाचे तीनशे फोटो म्हणजे पुन्हा एक ट्रंकच.

प्रती तीन ठेवा. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावात. २०२१ च्या पुरात माझ्या दुकानात खालच्या फळीवरच्या दोन्ही डिस्क गेल्या. डोंबिवलीला भावाकडे एक डिस्क सहज म्हणून ठेवली होती, त्यावरचं तेवढं वाचलं. आपल्याकडे प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईला असतंच, तिसरी प्रत त्यांच्याकडे द्या. डिस्क आणि निगेटिव्ह हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला.

निगेटिव्ह तुमच्या यंत्रावर होणार नाहीत, त्याला वरून दिवा असलेला स्कॅनर लागतो. पण टाकू नका! प्रिंटपेक्षा निगेटिव्हमध्ये कितीतरी जास्त असतं. ३५ मिमीची एक चौकट फक्त २४ × ३६ मिलिमीटरची, तरी २४०० डीपीआयने केली की ३४०० ठिपक्यांची रुंदी मिळते. चौकोनी मोठ्या निगेटिव्ह असतील तर त्या १२० फिल्मच्या, अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातल्या, त्या सोन्यासारख्या जपा. पाकिटं उघडून एकदा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा पाया कुजायला लागला आहे. ती इतरांपासून लगेच वेगळी करा आणि आधी तिचाच नंबर लावा. तुमच्याकडच्या निगेटिव्ह कुठल्याही जाणत्या स्टुडिओत स्कॅन करून घ्या, पण देताना सांगा: टिफ हवी, आणि काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हना धूळ काढायचं इन्फ्रारेड बंद. ते रंगीत फिल्मवर छान चालतं, पण काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदीच त्याला धूळ वाटते आणि चित्रावर ओरखडे येतात.

पहिले वीस फोटो गणपतीच्या आधी करा, सगळे नको. ज्यात सगळ्यात जास्त माणसं आहेत असे निवडा आणि साध्या कागदावर मोठे छापून घ्या. गणपतीला घर भरेल, तेव्हा दुपारी जेवणं झाली की मोठ्या आत्या, मावशी, काका यांना ओटीवर बसवून तो कागद हातात द्या आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला लावा. प्रत्येक चेहऱ्यावर पेन्सिलीने नंबर टाका आणि नंबर मोठ्याने म्हणून विचारा, म्हणजे नंतर ऐकताना कोण कुणाबद्दल बोललं ते कळेल. फ्रेममधल्या आजोबांचा फोटो काढलात की मला पाठवा, डॉक्युमेंट म्हणून. त्या चकत्या कशा जुळवायच्या ते तुमच्याच फाइलवर दाखवतो.